पायाच्या खोदकामात जुनं जहाज लागलं तर आधी काय सांभाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्यालगत भराव घालून केलेल्या जमिनीवर बेसमेंटचं खोदकाम चालू आहे. पाच-सहा मीटर खाली काळ्या गाळात वाकडी, जाड लाकडं ओळीनं दिसू लागली आणि त्यांना बाहेरच्या बाजूनं फळ्या ठोकलेल्या आहेत. साइट इंजिनिअर तीन गोष्टी विचारतात. हे जहाजच आहे हे कसं ओळखायचं? लाकडं बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवली तर चालेल का? आणि काम किती दिवस अडकणार?

माझं काम पाण्यात मुरलेल्या लाकडाच्या जतनाचं आहे, म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते. बाकीचे दोन उद्यापर्यंत थांबू शकतात, हा थांबू शकत नाही.

नाही, चालणार नाही. बाहेर काढू नका आणि कोरडं तर मुळीच होऊ देऊ नका.

गाळाखाली हवा पोहोचत नाही, त्यामुळे बुरशी आणि लाकूड पोखरणारे जीव तिथे टिकत नाहीत. म्हणून तर ते लाकूड शेकडो वर्षं राहिलं. पण हवेविना जगणारे काही जिवाणू तिथेही असतात आणि फार संथपणे लाकूड खात राहतात. पेशींच्या भिंतींमधला सेल्युलोज ते संपवतात, लाकडाला ताठपणा देणारा लिग्निन हा दुसरा घटक बराचसा मागे राहतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी भरतं. वरून पाहिलं तर वासा अगदी शाबूत वाटतो. करवतीच्या रेषा, तासणीचे घाव, लाकडी खिळ्यांची डोकी, सगळं दिसतं. आत मात्र लिग्निनचा नाजूक सांगाडा असतो आणि त्याला आधार असतो फक्त पाण्याचा. फार झिजलेल्या ओकमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाच्या चौपट पाणी असू शकतं.

हे पाणी उडू लागलं की पृष्ठताणामुळे पेशींच्या भिंती आत ओढल्या जातात आणि मिटतात. मग वासा पिळवटतो, आडवा तडकतो, त्याची जाडी निम्म्यावरही येऊ शकते. नंतर कितीही भिजवलं तरी मिटलेल्या पेशी उघडत नाहीत. उन्हात आणि वाऱ्यात पृष्ठभागाचं नुकसान काही तासांतच सुरू होतं. नेमक्या त्याच पृष्ठभागावर सुताराच्या हत्यारांच्या खुणा असतात, म्हणजे आपल्याला हवी असलेली बरीचशी माहिती आधी तिथूनच जाते.

आता पंपांचं. खड्ड्यातलं पाणी उपसणं चालूच असणार. ते थेट बंद करा असं मी सांगणार नाही. शोअरिंगची, म्हणजे खड्ड्याच्या बाजू कोसळू नयेत म्हणून दिलेल्या आधाराची, रचना पाण्याची ठरावीक पातळी धरून केलेली असते आणि खड्ड्यात माणसं असतात. त्यांची सुरक्षितता आधी. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून त्या कोपऱ्यातली पातळी थोडी वर ठेवता आली तर उत्तम. नाही जमलं तर उघडं पडलेलं लाकूड जिओटेक्स्टाइलनं (मातीकामात वापरतात त्या पाणी झिरपू देणाऱ्या कापडानं) किंवा गोणपाटानं झाका, त्यावर गोडं पाणी हलक्या फवाऱ्यानं शिंपडत राहा, वरून प्लास्टिक घाला आणि सावली करा. रात्रीसाठीही एक माणूस नेमा. प्रेशरचा पाइप लावू नका, मऊ पडलेला पृष्ठभाग त्यानं सोलून निघतो. दोन-चार दिवसांपेक्षा जास्त वेळ लागणार असं दिसलं तर तिथलाच ओला गाळ पुन्हा अंगावर ओढून टाका. इतकी वर्षं ज्या गाळानं ते सांभाळलं, त्याहून चांगलं आवरण तुम्हाला साइटवर मिळणार नाही.

पोकलेन मागे घ्या. बकेटच्या दातांत अडकलेलं लाकूड ओढून सोडवू नका, भोवतीची माती हातानं काढा. आणखी किती लांब आहे ते बघायला सळई खुपसू नका. लाकूड लोण्यासारखं मऊ असतं, सळई आरपार जाते आणि खुपसणाऱ्याला हाताला काही जाणवतही नाही. आधीच सुटून बाहेर आलेले तुकडे असतील तर टाकून देऊ नका. प्रत्येकाचा जागेवर फोटो घ्या, प्लास्टिकच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईनं क्रमांक लिहा, तो सुती किंवा नायलॉनच्या दोरीनं सैलसर बांधा आणि तुकडा पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा. खिळा किंवा स्टेपल मारायचा नाही. लोखंडाच्या वस्तू वेगळ्या टाकीत ठेवा. लाकूड टिकावं म्हणून तेल, वॉर्निश, कीटकनाशक असलं काहीही लावू नका. पुढे लाकडाचं वय ठरवणारी कार्बन-१४ चाचणी करायची झाली तर असल्या लेपामुळे निकाल बिघडतो.

फळ्यांच्या सांध्यांतला आणि जहाजाच्या तळाशी साचलेला गाळ धुवून टाकायचा मोह होतो, कारण फोटो चांगला येतो. कृपा करून तो तसाच राहू द्या. सांध्यांत भरलेले प्राण्यांचे केस, शेवाळ, डांबर त्यात असतं. तळाच्या गाळात धान्याचे दाणे, फळांच्या बिया, किड्यांची कवचं, उंदरांची हाडं सापडतात. जहाज काय वाहून नेत होतं आणि कुठल्या बंदरात जाऊन आलं होतं हे बऱ्याचदा त्या चिखलातूनच कळतं.

आता ओळखण्याबद्दल. बंदराच्या जुन्या भरावात लाकूड निघालं की ते जहाजच असेल असं नाही. धक्क्याची भिंत, खुंटांच्या रांगा, भराव अडवायला रचलेल्या ओंडक्यांच्या चौकटी, गटारांच्या लाकडी पेट्या, हे सगळं जहाजापेक्षा जास्त वेळा निघतं. शिवाय धक्क्यासाठी मोडक्या जहाजांची लाकडं वापरायची जुनी पद्धत अनेक बंदरांत होती, त्यामुळे एखादी वक्र बरगडी सापडली म्हणून पूर्ण जहाज असेलच असं नाही. मी तीन गोष्टी बघते. वक्र लाकडं ठरावीक अंतरानं येतात का आणि त्यांचा बाक एका टोकाकडे हळूहळू बदलत जातो का? बाहेरच्या फळ्या त्या बाकाला धरून वळल्या आहेत का? फळ्यांच्या सांध्यात पाणी अडवण्यासाठी काही भरलेलं आहे का? तिन्हींचं उत्तर हो आलं तर ते जहाज किंवा होडी आहे असं धरून चाला.

फळ्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत यावरून बांधणीची परंपरा कळते. उत्तर युरोपात एका फळीची कड दुसरीवर चढवून लोखंडी रिव्हेट मारत. प्राचीन भूमध्य सागरात फळ्यांच्या कडांना खाचा पाडून त्यांत लाकडी जिभा बसवत आणि आडव्या खुंट्यांनी अडकवत. हिंदी महासागरात फळ्या दोरीनं शिवत. थायलंडमध्ये २०१३ साली कोळंबीच्या तळ्यासाठी खोदताना निघालेलं फानोम सुरिन जहाज असंच शिवलेलं आहे, साधारण आठव्या-नवव्या शतकातलं. इंग्लंडमध्ये डोव्हरला १९९२ साली रस्त्याच्या कामात सापडलेली होडी तर इसवी सनापूर्वी १५५०च्या आसपासची. तिच्या ओकच्या फळ्या यू झाडाच्या पिळलेल्या फांद्यांनी शिवल्या होत्या आणि सांध्यांत शेवाळ दाबून भरलं होतं. म्हणून सांध्याचा जवळून घेतलेला, शेजारी मोजपट्टी ठेवलेला एक स्वच्छ फोटो मला पूर्ण खड्ड्याच्या वीस फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

जहाज जमिनीखाली आलंच कसं, हेही इथेच बघायला हवं, कारण कामाला किती वेळ लागेल ते त्यावर ठरतं. बऱ्याच बंदरांच्या शहरांत आजचा किनारा मूळ किनाऱ्यापासून पुष्कळ पुढे आलेला असतो. कधी नदीनं गाळ आणून बंदर बुजवलं, कधी माणसांनी मुद्दाम भराव घातला. भराव घालताना निकामी जहाजं बुडवून त्यांचाच बांध करायची रीत होती. न्यूयॉर्कमध्ये जुलै २०१० मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेवर जे जहाज निघालं ते अठराव्या शतकाच्या शेवटी हडसन नदीत घातलेल्या भरावाखाली होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्थिक केंद्राखाली १८४९च्या सुमारास सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी सोडून दिलेली जहाजं आहेत. नायँटिक १९७८ मध्ये आणि जनरल हॅरिसन २००१ मध्ये इमारतींच्या पायांत लागलं. अशा जहाजांतून उपयोगी सामान आधीच काढून घेतलेलं असतं.

म्हणून खजिन्याची अपेक्षा ठेवू नका. नामिबियात ओरांजेमुंडजवळ २००८ साली हिऱ्यांच्या खाणीसाठी समुद्र मागे हटवून खोदताना सोन्याची दोन हजारांहून जास्त नाणी, हस्तिदंत आणि तांब्याचे पुष्कळ टन गोळे सापडले, हे खरं आहे. १५३३ मध्ये बेपत्ता झालेलं बॉम जेझुस हे पोर्तुगीज जहाज ते असावं असं मानतात. पण ते वादळात सापडून मालासकट बुडालेलं जहाज होतं. तुमच्या भरावातल्या जहाजात तसं काही असण्याची शक्यता फार कमी आहे. तरीही अफवा पसरतेच आणि रात्री मेटल डिटेक्टर घेऊन माणसं येतात, म्हणून त्या कोपऱ्याला कुंपण आणि पहारा आजपासूनच ठेवा.

वेळेचा प्रश्न. भरावात एकटंच पडलेलं जहाज असेल आणि माणसं व परवानग्या तयार असतील तर काही आठवड्यांत मोकळं होता येतं. न्यूयॉर्कच्या जहाजाचं तसंच झालं, कारण तिथे पुरातत्त्वज्ञ आधीपासूनच खोदकामावर देखरेख करत होते. जुन्या नकाशांवरून त्या पट्ट्यात भराव आहे हे माहीत होतं. डोव्हरची होडी महिन्याभराच्या आत बाहेर आली. याच्या अगदी उलट उदाहरण इस्तंबूलच्या येनिकापीचं. मारमाराय रेल्वे आणि मेट्रोच्या स्थानकांसाठी २००४ मध्ये तिथे खोदायला सुरुवात झाली आणि रोमन सम्राट थिओडोसिअसच्या नावाचं, पूर्ण बुजलेलं बंदर हाती लागलं. लायकस ओढ्याच्या गाळात पाचव्या ते अकराव्या शतकांतली ३७ जहाजं निघाली. त्याखाली नवाश्मयुगीन वस्ती होती, माणसांच्या पावलांचे ठसेसुद्धा होते. खोदकाम २०१३ पर्यंत चाललं आणि प्रकल्प काही वर्षं मागे पडला. इतिहासात इतकी भर घालणारं बांधकाम विरळाच, असं मला मनापासून वाटतं. पण वेळापत्रक सांभाळणाऱ्यांवर त्या वर्षांत काय ओझं असेल हेही मी जाणते.

तेव्हा तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न जहाज किती जुनं आहे हा नाही. जागा भरावाची आहे की मुळात बंदराचीच होती, हे आधी शोधा. भरावात सहसा एखाद-दुसरं जहाज असतं. बंदराच्या तळाशी एकावर एक थर असतात आणि तिथे एक सापडलं तर शेजारी दुसरं असण्याची शक्यता बरीच. डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डच्या व्हायकिंग जहाजांच्या संग्रहालयानं १९९६-९७ मध्ये स्वतःच्या विस्तारासाठी खोदकाम केलं तेव्हा तिथेच आणखी नऊ जहाजं मिळाली. त्यांतलं एक सुमारे ३७ मीटर लांब आहे, आजवर सापडलेलं सर्वांत लांब व्हायकिंग जहाज. तुमच्या जागेचे जितके जुने नकाशे मिळतील तितके आजच्या नकाशावर ठेवून बघा. बोअरहोलचे लॉग, म्हणजे माती तपासायला घेतलेल्या भोकांच्या नोंदी, पुन्हा वाचा. त्यांत ‘कुजलेलं लाकूड’ किंवा ‘सेंद्रिय काळा गाळ’ अशी नोंद कुठे असेल तर तिथे पुढचा खड्डा घेण्याआधीच माणूस उभा करा. दरम्यान साइटचा बाकीचा भाग सहसा चालू ठेवता येतो. पुरातत्त्व खात्याशी बोलताना ही मागणी पहिल्याच बैठकीत मांडा.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, पण जुनं काही सापडल्याचं सरकारी यंत्रणेला कळवणं बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं. कळवायला उशीर केला तर काम जास्त दिवस थांबतं, कमी नाही.

यानंतर खरा निर्णय येतो: जहाजाचं करायचं काय? उचलून संग्रहालयात नेणं हा लोकांच्या मनातला पहिला पर्याय असतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा शेवटचा असायला हवा. उचलायला काही आठवडे लागतात, पण त्यानंतर त्या लाकडाला पंधरा-वीस वर्षं सांभाळावं लागतं. लाकडातलं पाणी काढून त्या जागी पॉलिइथिलिन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ भरावा लागतो. आधी कमी रेणुभाराचा, जो पेशींच्या भिंतींत शिरतो, मग जास्त रेणुभाराचा, जो पोकळ्या भरतो. त्यानंतर गोठवून, निर्वातात बर्फाची थेट वाफ करून वाळवावं लागतं, म्हणजे पाण्याच्या पृष्ठताणाला पेशी ओढायला वावच मिळत नाही. जर्मनीत ब्रेमेनजवळ वेझर नदीत बंदराच्या कामात १९६२ मध्ये सापडलेलं १३८०चं कॉग जातीचं जहाज लोकांसमोर पूर्ण झालेल्या रूपात आलं ते २००० साली.

त्यात लोखंड असेल तर आणखी कठीण. गंजलेल्या खिळ्यांतलं लोखंड आणि गाळातून लाकडात शिरलेलं गंधक यांचा हवेशी संबंध आला की हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. स्वीडनचं ‘वासा’ नावाचं जहाज १९६१ मध्ये समुद्रातून वर काढलं, जतन पूर्ण झालं असं सगळ्यांना वाटलं, आणि २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यानंतर त्याच्या लाकडावर आम्लाचे डाग ठळक दिसू लागले. त्यावर आजही काम चालू आहे.

वेल्समधल्या न्यूपोर्टचं उदाहरण मी प्रत्येक बांधकामवाल्याला सांगते. २००२ मध्ये तिथे नव्या नाट्यगृहाच्या पायात पंधराव्या शतकातलं मोठं व्यापारी जहाज निघालं. ते दिसण्याआधीच काँक्रीटचे काही पाइल (जमिनीत खोलवर उतरवलेले पायाचे खांब) त्याच्या अंगातून खाली गेले होते. लोकांनी आंदोलन केलं, सरकारनं पैसे दिले, आणि जहाज एकेक लाकूड सुटं करून बाहेर काढलं. प्रत्येक लाकूड संगणकाला जोडलेल्या यांत्रिक हातानं त्रिमितीत मोजलं आणि त्या मापांवरून एक दशांश आकाराची प्रतिकृती केली. कण्याच्या सांध्यात १४४७ साली फ्रान्समध्ये पाडलेलं चांदीचं छोटं नाणं मिळालं, बांधताना शुभ म्हणून ठेवलेलं असावं. लाकूड बास्क प्रदेशातलं, १४४९च्या सुमारास तोडलेलं. वाळवण्याचं काम संपायला जवळजवळ दोन दशकं गेली. तिथल्या लोकांनी हट्ट धरला तो मला योग्यच वाटतो, पण तो शेवटाला गेला कारण पुढच्या वीस वर्षांची जबाबदारी घेणारी संस्था आणि निधी दोन्ही उभे राहिले. ते दिसत नसेल तर जहाज उचलू नये. टाकीत पडून पैसे संपले की लाकूड तिथेच कुजतं, आणि जमिनीत मिळाली असती ती सुरक्षितताही गेलेली असते.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण नोंद करून पुन्हा ओल्यात पुरणं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात किनाऱ्यावरच्या बांधकामात निघालेल्या काही जहाजांची लाकडं लेसरनं मोजून एका उद्यानाच्या तळ्यात बुडवून ठेवली आहेत. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून केलेल्या जमिनीत शेकडो बुडालेली जहाजं मिळाली. त्यांतली बरीच भूजलाची पातळी धरून तिथेच जपलेली आहेत. डोव्हरमध्येही होडीचा एक भाग इमारतींच्या बाजूला अजून जमिनीतच आहे, कारण तिथवर खोदणं धोक्याचं होतं.

तिसरा पर्याय सर्वांना सोयीचा वाटतो: पाइल बाजूला सरकवायचे, जहाज तसंच ठेवायचं आणि वर इमारत बांधायची. इथे मी नेहमी एकच प्रश्न विचारते. इमारत झाल्यावर भूजल कुठे असेल? बेसमेंटभोवती कायमचा निचरा ठेवणार असाल तर पाणी जहाजाच्या खाली उतरेल, गाळात हवा शिरेल, आणि काही वर्षांत खाली फक्त तपकिरी माती उरेल, तीही कुणाला न दिसता. पाण्याची पातळी जहाजाच्या वर राहील असं भूजलतज्ज्ञ लेखी देत असतील आणि पुढे मोजायला दोन-तीन नळ्या पुरून ठेवणार असाल तरच हा मार्ग घ्या. नाहीतर नोंद करून बाहेर काढलेलं बरं.

कुठलाही पर्याय घेतला तरी कालनिर्णयाचे नमुने घ्यावेच लागतात. वृक्षवलयांवरून, म्हणजे खोडात दर वर्षी पडणाऱ्या वलयांवरून, वय काढायला लाकडाचा पूर्ण आडवा छेद लागतो, आणि सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कुठल्या वर्षी तोडलं तेही कळतं. ते वलय तासून गेलेलं असेल तर ‘या वर्षानंतर कधीतरी’ इतकंच सांगता येतं. म्हणून साल चिकटलेला एखादा ओबडधोबड तुकडा माझ्या दृष्टीनं सुबक कोरलेल्या फळीपेक्षा मोलाचा. न्यूयॉर्कच्या जहाजाच्या ओकची वलयं फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या जुन्या लाकडांशी जुळली आणि झाडं १७७३च्या सुमारास तोडली होती हे कळलं. उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांची वलयं इतकी स्पष्ट नसतात. तिथे लाकडाची जात ओळखणं आणि एकाच वाशावरून क्रमानं घेतलेले कार्बन-१४चे नमुने यांवर भागवावं लागतं.

आज रात्रीसाठी एवढं करा. एक वही त्या कोपऱ्यासाठी वेगळी ठेवा. लाकूड पहिल्यांदा किती वाजता उघडं पडलं, तिथली पातळी किती, पंप कधी चालू-बंद झाला, पाणी किती उतरलं, झाकण कधी काढलं आणि पुन्हा घातलं, कुठला तुकडा कुठल्या टाकीत गेला, हे वेळेसकट लिहा. उद्या जो कोणी जतनतज्ज्ञ येईल तो लाकडाला हात लावण्याआधी ते किती तास हवेत होतं हे विचारेल, आणि त्याचं उत्तर त्या वहीत असायला हवं.